भट्टी गरम आहे तोवर : थकलेल्या कारखान्याने दिवाळखोरी कायद्याचा उपयोग कसा करावा

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका बंद पडलेल्या फाउंड्रीचा, म्हणजे ओतशाळेचा, लिलाव होणार होता, तेव्हा पाहणीच्या दिवशी मी एका पुरवठादारासोबत तिथे गेलो होतो. गिऱ्हाइकांच्या मालकीचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घडवतात ते नमुने, ज्याने त्याने केव्हाच उचलून नेले होते. मालकाने स्वतःच्या पैशाने करून घेतलेले तेवढे एका कोपऱ्यात रचून ठेवलेले होते आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने भागाचा क्रमांक घातलेला होता. एक भंगार व्यापारी त्यांतले अॅल्युमिनियमचे पॅटर्न हातात घेऊन वजनाचा अंदाज घेत होता. लाकडी पॅटर्नकडे त्याने पाहिलेही नाही. इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेची भट्टी, वर्षभर थंड असल्यामुळे आतले लायनिंग तडकून सुटले होते. ज्या पॅटर्नवर आदल्या वर्षापर्यंत दर आठवड्याला माल निघत होता, त्यांची किंमत आता किलोवर आली होती.

त्या दिवशी मला जे दिसले तेच या लेखाचे सूत्र आहे. कारखान्याला दोन किमती असतात : एक चालत्या कारखान्याची आणि दुसरी सुट्या सामानाची. दिवाळखोरी कायद्याचे सारे अर्थशास्त्र या दोन किमतींतील फरकाभोवती फिरते. हा फरक कोणी राखायचा, तो राखण्यासारखा नसेल तर कारखाना लवकर मोकळा कोणी करायचा, आणि तोटा कोणी किती सोसायचा, हे तीन प्रश्न कायदा सोडवू पाहतो. मात्र भट्टी थंड झाल्यावर त्याचा उपयोग फार थोडा उरतो, म्हणून पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी शक्य तितकी लवकर चढावी.

पहिले काम : दोन किमतींचा हिशेब

वकिलाकडे किंवा बँकेकडे जाण्याआधी एका कोऱ्या कागदावर हा हिशेब मांडा. समजा, तुमच्या फाउंड्रीवर बँकेचे कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचे कर्ज) आणि मुदत कर्ज मिळून 4 कोटी, पिग आयर्न, स्क्रॅप आणि वाळू देणाऱ्यांचे 1 कोटी 20 लाख आणि कामगारांचे 20 लाख देणे आहे. सगळे सामान सुटे विकले, म्हणजे फर्नेस, मोल्डिंग मशिन, शिल्लक माल आणि प्लॉटचे हक्क, तर 3 कोटी येतील. प्लॉट एमआयडीसीचा असेल तर तो भाडेपट्ट्यावरचा असतो आणि हस्तांतरणासाठी महामंडळाची परवानगी व शुल्क लागते. ते शुल्क वजा करूनच आकडा धरा. आता दुसरी बाजू. कच्चा माल, वीज आणि पगार भागवून, पण बँकेचे व्याज धरण्यापूर्वी, वर्षाला 80 लाख हाती उरत असतील आणि असा चालता धंदा घेणारा त्याच्या पाचपट मोजायला तयार असेल, तर चालत्या कारखान्याची किंमत 4 कोटी होते. म्हणजे हा कारखाना जिवंत राहण्यातच 1 कोटी आहे.

गंमत नव्हे, खरी अडचण अशी की हा 1 कोटी कोणा एकाच्या मालकीचा नसतो आणि म्हणूनच तो राखण्याची घाई कोणालाच नसते. पुरवठादार आपला न वापरलेला माल आधी उचलू पाहतो, बँक तारण ताब्यात घेते, कुशल मोल्डर शेजारच्या शेडमध्ये जातो. प्रत्येकजण स्वतःपुरता शहाणपणाने वागतो आणि सगळे मिळून तो 1 कोटी बुडवतात. नादारी आणि दिवाळखोरी संहितेच्या कलम 14 मधील स्थगिती नेमकी याच धावपळीला आवर घालण्यासाठी आहे : अर्ज दाखल करून घेतला की कंपनीविरुद्धचे दावे, वसुली आणि जप्ती काही काळ थांबते, जेणेकरून सर्वांना एकत्र बसून विचार करता यावा.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट पाहा. नवा वाळू प्रकल्प बसवायला 30 लाख लागतात आणि त्यामुळे दरवर्षी 15 लाख वाढतील, अशी संधी समोर आहे. पण कारखान्याची किंमत 4 कोटी आणि देणे 5 कोटी 40 लाख असल्यामुळे वाढलेला सगळा पैसा धनकोंकडे जाणार; मग मालक स्वतःचे 30 लाख का घालेल? कर्जाच्या ओझ्याखाली चांगली गुंतवणूकही अशी अडते. बँक काही रक्कम सोडून देते, ज्याला बाजारात हेअरकट म्हणतात, तेव्हा ती कर्जदारावर मेहेरबानी करीत नाही. उरलेली रक्कम वसूल होण्याची शक्यता ती विकत घेत असते. बँकेसमोर हेच आकड्यांत मांडा. ‘आम्हाला सांभाळून घ्या’ या विनंतीपेक्षा ‘आज तोडून 3 कोटी, चालवून 4 कोटी’ हे वाक्य शाखाधिकाऱ्याला वरच्या कार्यालयात पाठवता येते.

आणि जर वर्षाला 80 ऐवजी 40 लाखच उरत असतील? मग चालत्या कारखान्याची किंमत 2 कोटी, सुट्या सामानाची 3 कोटी. असा कारखाना बंद करणे हेच योग्य आहे आणि ते आजच करणे योग्य आहे. वडिलांनी उभी केलेली शेड सोडवत नाही हे मी जवळून पाहिले आहे, त्याबद्दल मला आदरही आहे. पण त्या एका वर्षाच्या हट्टापायी घरचे दागिने, सोसायटीचे कर्ज आणि नातलगांची उसनवारी कारखान्यात जाते आणि ती परत येत नाही. बँकेच्या संमतीने मालकाने स्वतः गिऱ्हाईक शोधून विकलेले मशिन लिलावात विकल्या जाणाऱ्या मशिनपेक्षा सहसा चांगला भाव आणते, कारण ते चालू स्थितीत दाखवता येते.

दुसरे काम : आपला धंदा कायद्याच्या नजरेत काय आहे ते पाहा

पुढचा सगळा रस्ता यावर ठरतो. 2016 ची संहिता सध्या खाजगी व सार्वजनिक कंपन्यांना, एलएलपींना (मर्यादित दायित्वाच्या भागीदारींना) आणि कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू आहे. एकल मालकी आणि भागीदारी फर्म यांच्यासाठी संहितेत तिसरा भाग लिहिलेला आहे, पण तो अजून अमलात आलेला नाही. त्यांना 1920 च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली जिल्हा न्यायालयात जावे लागते. सहकारी साखर कारखाना, सूतगिरणी, औद्योगिक सोसायटी या तिन्ही गोष्टी आपल्या जिल्ह्याच्या अर्थकारणाचा कणा असल्या तरी त्या या संहितेच्या बाहेर आहेत. त्यांचे विसर्जन महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 102 आणि पुढील कलमांनुसार निबंधकाच्या आदेशाने होते. तेव्हा एखाद्या सहकारी संस्थेकडे तुमची थकबाकी असेल तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची वाट धरू नका.

तिसरे काम : पहिले नव्वद दिवस

हप्ता थकल्यावर 30 दिवसांपर्यंत खाते एसएमए-0 (एसएमए म्हणजे बँकेने विशेष लक्ष ठेवायचे खाते), 31 ते 60 दिवसांत एसएमए-1, 61 ते 90 दिवसांत एसएमए-2 आणि त्यापुढे एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, होते. माझ्या मते या संपूर्ण लेखातील सर्वांत मोलाचे दिवस हेच आहेत, आणि आपल्याकडे ते ‘दिवाळीनंतर पेमेंट येईल’ या आशेवर घालवले जातात. 25 कोटींपर्यंत कर्ज असलेल्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी (एमएसएमई) 2015 मध्ये केंद्र सरकारने आणि 2016 मध्ये रिझर्व्ह बँकेने पुनरुज्जीवनाची एक चौकट घालून दिली. तिच्यानुसार बँकेने अडचणीतील खात्यांसाठी समिती नेमायची असते आणि खाते दुरुस्त करणे, कर्जाची पुनर्रचना करणे किंवा वसुली करणे यांपैकी काय करायचे ते समितीने ठरवायचे असते. उद्योजकाला अडचण दिसू लागली की तो स्वतःहूनही या समितीकडे अर्ज करू शकतो.

हा अर्ज लेखीच करा, सोबत उद्यम नोंदणीचा दाखला जोडा आणि पोच घ्या. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये प्रो निट्स प्रकरणात ही चौकट बँकांवर बंधनकारक असल्याचे सांगितले. पण आपण लघुउद्योग आहोत हे बँकेच्या वेळीच निदर्शनास आणून देण्याची जबाबदारी उद्योजकावरही टाकली. सगळी जप्ती होईपर्यंत गप्प बसून शेवटी ही चौकट पुढे करणाऱ्याला तिचा लाभ मिळत नाही. मी हाताळलेल्या एका खात्यात अर्ज तोंडी केलेला होता. शाखेत त्याची कुठेही नोंद नव्हती आणि तो मुद्दा तिथेच संपला.

एनपीए झाल्यावर सरफेसी कायद्याच्या, म्हणजे बँकेला न्यायालयात न जाता तारण वसूल करू देणाऱ्या कायद्याच्या, कलम 13(2) खाली 60 दिवसांची नोटीस येते. तिला उत्तर द्यायचेच. तुम्ही हरकत घेतलीत तर बँकेने 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. कलम 13(4) खाली ताबा घेतल्यानंतर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. सहकारी बँकेला हा कायदा लागू नाही असा समज अजूनही कानांवर येतो. तो वाद आपल्याच जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात घटनापीठापुढे गेला आणि 2020 मध्ये बँकेच्या बाजूने निकाली निघाला. आणखी एक तारीख लक्षात ठेवा : लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच कर्जदाराला सर्व देणे भरून मालमत्ता सोडवून घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. एकरकमी तडजोडीचा, म्हणजे ओटीएसचा, प्रस्ताव द्यायचा असेल तर तो त्याआधी द्या. मात्र ओटीएस हा कर्जदाराचा हक्क नव्हे, ती बँकेची मर्जी आहे. माफ झालेल्या रकमेवर आयकर लागू शकतो, म्हणून तडजोडीच्या पत्रावर सही करण्याआधी सीएला विचारून घ्या.

कंपनी असल्यास : प्रीपॅक की कलम 10

1985 च्या आजारी उद्योगांच्या कायद्याखाली उद्योगाचे नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) पूर्ण धुऊन गेल्याशिवाय बीआयएफआरचे, म्हणजे आजारी उद्योगांसाठीच्या मंडळाचे, दार उघडत नव्हते आणि एकदा आत गेल्यावर कलम 22 च्या स्थगितीचे छत्र वर्षानुवर्षे मिळत होते. मालक खुर्चीवर, यंत्रे गंजत आणि बँक दारात, अशी स्थिती होती. टी. के. विश्वनाथन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नोव्हेंबर 2015 मध्ये अहवाल दिला, त्यावरून संहिता आली आणि 1 डिसेंबर 2016 पासून कंपन्यांची दिवाळखोरी तिच्याखाली आली. दोन गोष्टी उलटल्या. नक्त मूल्य संपण्याची वाट न पाहता हप्ता चुकणे एवढे कारण पुरेसे ठरले, आणि निर्णय मालकाकडून वित्तीय धनकोंच्या, म्हणजे बँकांसारख्या कर्ज देणाऱ्यांच्या, समितीकडे गेला. समितीत 66 टक्के मतांनी कंपनी सावरण्याची योजना मंजूर होते.

या दुसऱ्या बदलामुळे मोठ्या कर्जदारांना जरब बसली हे खरे आहे, आणि मला तो बदल मुळात योग्य वाटतो. परंतु लघुउद्योगात मालक हाच बऱ्याचदा मुख्य तंत्रज्ञ, मुख्य विक्रेता आणि गिऱ्हाइकाचा विश्वास असतो. त्याला बाजूला करून बाहेरच्या आरपीच्या, म्हणजे प्रक्रिया चालवायला नेमलेल्या निराकरण व्यावसायिकाच्या, हाती फाउंड्री दिली की मिश्रधातूचे प्रमाण कोणाला विचारायचे, हा प्रश्न पहिल्याच हीटला, म्हणजे भट्टीतला पहिला रस वितळवतानाच, येतो. म्हणूनच संसदेने दोन सवलती दिल्या. कलम 29अ खाली थकबाकीदार प्रवर्तकाला स्वतःची कंपनी परत घेण्यास मनाई आहे. कलम 240अ ने लघुउद्योगांना त्यातील महत्त्वाच्या अटींतून सूट दिली. आणि 2021 मध्ये प्रीपॅक आले, म्हणजे धनकोंशी आधीच बोलणी करून मग न्यायाधिकरणात जाण्याची पद्धत.

प्रीपॅकसाठी थकबाकी किमान 10 लाख हवी, कंपनी एमएसएमई हवी, भागधारकांचा विशेष ठराव हवा आणि संबंधित नसलेल्या वित्तीय धनकोंपैकी मूल्याने 66 टक्के धनकोंची आधी संमती हवी. कारभार संचालक मंडळाकडेच राहतो, तुम्ही स्वतःची मूळ योजना मांडता आणि सगळे 120 दिवसांत संपवायचे असते. पुरवठादारांचे पैसे पूर्ण देणारी योजना असेल तर ती थेट मंजूर होऊ शकते; त्यांचे पैसे कापणारी असेल किंवा समितीला तुमची योजना पटली नाही तर बाहेरच्या योजनाही मागवल्या जातात. देशभरात हा मार्ग मोजक्याच कंपन्यांनी धरला, कारण बँकेची पूर्वसंमती मिळवण्याएवढे बळ असेल तर कंपनी खाजगी तडजोडच करते. तरीही बँका दोन-तीन असतील आणि एखादी लहान बँक अडून बसली असेल, तर 66 टक्क्यांचा निर्णय तिलाही बांधतो, हा प्रीपॅकचा खरा उपयोग आहे.

कलम 10 खाली कंपनी स्वतः अर्ज करू शकते, पण थकबाकी किमान 1 कोटी हवी. मार्च 2020 पूर्वी ही मर्यादा 1 लाख होती. इथे कारभार हातातून जातो. कायद्यात 330 दिवसांची कमाल मुदत आहे आणि बहुतेक प्रकरणे ती ओलांडतात. धनकोंच्या मान्य दाव्यांपैकी निराकरणात सुमारे एक तृतीयांशच वसूल होतात, मात्र तीच रक्कम सुट्या सामानाच्या किमतीहून बरीच जास्त असते. दोन्ही वाक्ये एकत्र वाचली तरच कायद्याचे खरे मोजमाप होते : वसुली कमी दिसते ती बहुधा कंपनी उशिरा आल्यामुळे.

स्थगितीत वीज तुटणार नाही असे गृहीत धरू नका. फाउंड्रीला चालू महिन्याचे वीजबिल भरत राहावेच लागते. योजना जमली नाही तर विसर्जनात कलम 53 प्रमाणे आधी प्रक्रियेचा खर्च, मग बरोबरीने कामगारांचे 24 महिन्यांचे देणे आणि तारण सोडून दिलेले सुरक्षित धनको, त्यानंतर इतर कर्मचारी, असुरक्षित वित्तीय धनको, सरकार आणि त्याखाली पुरवठादार असा क्रम लागतो. भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटी निधीतील कामगारांचा पैसा या वाटपातच येत नाही.

हमी आणि मेहुण्याच्या नावावरचे मशिन

कंपनीला मिळालेली स्थगिती हमीदाराला मिळत नाही, आणि योजना मंजूर झाली तरी हमी आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितले. संचालकाचे घर आणि पत्नीची सही असलेली हमी योजनेच्या मसुद्यातच सोडवून घ्या. नंतर कोणी ऐकत नाही.

दुसरी चूक अधिक महाग पडते. अडचण दिसू लागल्यावर एखादे व्हीएमसी मशिन मेहुण्याच्या फर्मच्या नावावर करणे किंवा बँकेआधी घरच्यांची उसनवारी फेडणे सगळ्यांनाच स्वाभाविक वाटते. पण कलम 43 खाली नातेसंबंधातील व्यक्तीला मागील दोन वर्षांत आणि इतरांना एका वर्षात दिलेले झुकते माप रद्द होऊ शकते. फसवणुकीचा हेतू दिसला तर कलम 66 खाली संचालकावर वैयक्तिक जबाबदारी येते. मेहुण्याने खरोखर बाजारभावाने पैसे मोजले असतील तर बँकेतून गेलेला व्यवहार, मूल्यांकन आणि जीएसटीचे बिल जपून ठेवा.

तुम्ही पुरवठादार असाल तर

कंपनीकडे 1 कोटीहून अधिक थकले असेल आणि वाद नसेल, तर कलम 8 ची मागणी नोटीस द्या आणि 10 दिवसांनी कलम 9 खाली मुंबईच्या खंडपीठात अर्ज करा. पण माल सदोष असल्याची तक्रार आधीपासून नोंदलेली असेल तर अर्ज टिकत नाही. म्हणून रिजेक्शनच्या चिठ्ठ्यांचा निपटारा महिन्याच्या महिन्याला करा. थकबाकी त्याहून कमी असेल तर 2006 च्या एमएसएमई कायद्याचे कलम 18, म्हणजे सुविधा परिषदेकडे दाद मागण्याची तरतूद, जवळचे आहे. 45 दिवसांपलीकडे देणे गेल्यास बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज लागते. मागणी नोंदवायची ती कंपनी बुडण्याआधी. दिवाळखोरी सुरू झाल्यावर हा निवाडाही रांगेत उभा राहतो. दिवाळखोरीची घोषणा निघाली की दिलेल्या मुदतीत आरपीकडे दावा भरा.

ज्यांची फर्म मालकीची आहे

उद्यमनगरातील पुष्कळ वर्कशॉप आणि इचलकरंजीतील पुष्कळ यंत्रमाग कंपनीच्या रूपात नाहीत. त्यांच्यासाठी कायदा आजही अपुरा आहे, आणि सुधारणेची चर्चा करताना याच मंडळींना विसरले जाते याचे मला वाईट वाटते. 1920 च्या कायद्यात कर्जदाराने अर्ज करण्याची मर्यादा 500 रुपये आहे, यावरूनच त्याचे वय कळते. न्यायालय नादार ठरवते, मालमत्ता रिसीव्हरकडे जाते, अटकेपासून संरक्षण मिळू शकते आणि पुढे ऋणमुक्तीचा आदेश होऊ शकतो. परंतु तारण असलेली बँक आपले तारण वसूल करायला मोकळी राहते. प्रामाणिक अपयशानंतर माणसाला पुन्हा धंदा उभा करता यावा, ही दिवाळखोरी कायद्याची अर्धी बाजू आहे, आणि ती मालकीच्या फर्मला जवळजवळ मिळतच नाही. ऑगस्ट 2025 मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात धनकोंच्या पुढाकाराने न्यायालयाबाहेर सुरू होणारी प्रक्रिया सुचवलेली होती. तीही कंपन्यांसाठीच होती.

तेव्हा मालकीच्या फर्मने खाते नियमित असतानाच दोन गोष्टी करून घ्याव्यात. पहिली, बँकेच्या ना-हरकतीने धंदा एलएलपी किंवा खाजगी कंपनीत नेणे. खाते एसएमए झाल्यावर ही ना-हरकत मिळणे कठीण होते. दुसरी, नव्या मंजुरीपत्रात हमीची रक्कम संपूर्ण कर्जाऐवजी ठराविक आकड्यापुरती लिहून घेणे आणि राहत्या घरावर गहाणखत आहे की नुसती हमी, हे त्या पत्रातील तारणाच्या रकान्यात सही करण्यापूर्वी स्वतः वाचणे.